वेळ नाही, पण पाखाडी आहे: कोकणातल्या आईबाबांसाठी व्यायामाची सुरुवात

कोकणात राहणाऱ्या माणसाला व्यायाम कशाला हवा, असं अजूनही बरेच जण म्हणतात. आजी रहाटाने पाणी काढायची, आजोबा डोक्यावर भारा घेऊन घाटी चढायचे, हे खरंच आहे. पण आता विहिरीवर पंप बसला, दारात स्कूटर आली, सारवणाच्या जागी फरशी आली. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. ताजी हवा आणि ताजे मासे एवढ्यावर निभत नाही, हे त्यावरून दिसतं.

ज्यांनी शाळेचा पीटीचा तास सुटल्यापासून व्यायाम म्हणून काही केलेलं नाही, घरात एक-दोन मुलं आहेत, आणि नोकरी, बागायत, दुकान किंवा यातली दोन एकदम सांभाळायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिमचा विचार इथे केलेला नाही. ती असते तालुक्याच्या गावी, आणि जाऊन-येऊन दीड तास मोडतो. जे काही करायचं ते घर, वाट, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), किनारा आणि पडवी यांतच बसवू.

किती केलं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल हवी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार दमाची. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. १५० ला सातने भागलं की रोजची साधारण २२ मिनिटं होतात. आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट ही, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरायची नाही, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली गेली. सकाळी सात मिनिटं, दुपारी सात, संध्याकाळी आठ, असं तुकड्यातुकड्याने केलेलंही जमेला धरा.

मध्यम दम ओळखायला घड्याळ किंवा मोबाइल लागत नाही. चालता चालता बोलता येतंय पण आरती म्हणता येत नाही, तो मध्यम दम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तो जोरदार.

आता घरोघरचा वाद. "मी दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?" या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर द्यायला हवं. घरकाम जमेला धरतात, पण दम लागेल तेवढंच. खळं (घरापुढचं अंगण) झाडणं, माडांच्या आळ्यांना बादलीने शिपणं, झावळ्या ओढून नेणं, भरलेली कळशी घेऊन चढ चढणं, हे सगळं धरा. विळीवर मासे कापणं, पोळ्या लाटणं, ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं यात माणूस दमतो, पाय भरून येतात, पण हृदयाला फारसं काम पडत नाही. शिवाय घरकामात खांदे पुढे येतात, कंबर वाकलेली राहते, आणि ढकलायची-ओढायची ताकद वाढेल असं त्यात फार थोडं असतं. म्हणून राबणाऱ्या बाईलाही ताकदीचा व्यायाम लागतोच. आणि दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्या तिच्या नवऱ्याला चालणं आणि ताकद, दोन्ही लागतात. "आम्ही कष्टाची माणसं" हे वाक्य त्याने वडिलांच्या जिवावर म्हणू नये.

आधी दोन मोजमापं

घरातली शिवणाची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुन्हा महिन्यानेच मोजा. वजनकाटा नसला तरी चालतं. पोटाचा घेर जास्त खरं बोलतो.

दुसरं, रक्तदाब आणि साखर. तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट होते. आशाताई गावात येतात तेव्हा त्यांनाच विचारा, कुठल्या दिवशी यायचं ते त्या सांगतील. चालताना छातीत दाब येत असेल, चक्कर येत असेल, आधी हृदयाचा त्रास झालेला असेल किंवा साखरेवर इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका. बाकीच्यांनी बेलाशक चालायला लागावं.

वेळ कुठून आणायचा

एक तास सापडेल याची वाट पाहाल तर मुलगा दहावीला जाईपर्यंत वाट पाहाल. तुकडे शोधायचे. मुलाला शाळेत सोडून परतताना, क्लासच्या बाहेर थांबलेलं असताना, एसटी यायला अवकाश असताना, भात शिजत असताना. विशेषतः क्लासबाहेरचा वेळ. संध्याकाळी गाड्यांवर बसून मोबाइल बघणाऱ्या पालकांची रांग प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसते. तो पाऊण तास आयता मिळालेला आहे. गाडी लावायची आणि वीस मिनिटं एका दिशेला चालून तसंच मागे यायचं.

नवरा-बायको दोघं घरात असतील तर वार वाटून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळ तिची. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याची. ज्याची सकाळ नाही त्याने डबा, दूध, वेणी, गणवेश बघायचं. हे स्पष्ट बोलून घेतलं नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: बाबा फिरून घाम पुसत येतात, पेपर उघडतात, आणि आई डब्याचं झाकण शोधत असते.

कोकणात बऱ्याच घरांत नवरा मुंबईला, जहाजावर नाहीतर आखातात असतो. मग सगळं एकटीवर. अशा वेळी शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून वाडीत पाळी लावावी. आज हिच्या खळ्यात सगळी पोरं, उद्या तिच्या. घरात सासू-सासरे असतील तर त्यांना "जरा बघा हं पोराकडे" असं मोघम सांगू नका, "सहा ते साडेसहा" असं सांगा. वेळ ठरलेली असली की त्यांनाही आपला दिवस लावता येतो.

चालणं: चार आठवड्यांत

पहिला आठवडा सपाटीवर, रोज दहा मिनिटं, पाच दिवस. दुसऱ्यात पंधरा. तिसऱ्यात वीस, त्यातली पाच मिनिटं भरभर. चौथ्यात पंचवीस, आणि एक-दोन दिवस चढ. एवढ्या हळू कशाला, असं वाटेल. दम लवकर सुधारतो, पण गुडघे, टाचा आणि पोटऱ्यांच्या शिरा सावकाश तयार होतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी पाच किलोमीटर चालून आलेली माणसं बुधवारी टाच धरून बसलेली असतात.

गावात चालायला निघालात की एक अडचण हमखास येते. मागून येणारी प्रत्येक ओळखीची गाडी थांबते. "चलत खंय चललंस? बस गाडयेर!" नको म्हटलं तर माणसं दुखावतात, घरी भांडण झालं की काय असंही वाटतं त्यांना. एकदाच सगळ्यांना सांगून टाका की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की कोणी आग्रह करत नाही.

चढासाठी पाखाडीसारखी सोय नाही. वाडीतून सड्यावर (डोंगरावरच्या सपाटीवर) किंवा देवळाकडे जाणारी जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट जवळपास प्रत्येक गावात आहे. पहिल्यांदा निम्मी चढा, थांबा, दम खाली बसू द्या, उतरा. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवायचं, नुसते चवडे नाही. उतरताना घाई नको. गुडघ्यावर भार येतो तो उतरतानाच. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी पायऱ्यांनी चढावं आणि उताराला डांबरी वळणाचा रस्ता धरावा. दर पंधरवड्याला तीच पाखाडी चढून कितव्या पायरीला बोलणं तुटतं ते लक्षात ठेवा. प्रगती समजायला एवढं पुरे.

आता किनारा. गुहागर, मुरुड, भाट्ये, देवबाग, वेंगुर्ला, कुठेही राहत असाल तर पुळण हाताशी आहे, पण ती कधी वापरायची हे भरती-ओहोटीवर ठरतं. मऊ, कोरड्या वाळूत त्याच वेगाने चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, आणि पोटऱ्या भरून येतात. नवख्याला हवी ती ओहोटीने उघडी पडलेली घट्ट, ओली वाळू. ती कधी मिळेल याचा जुना हिशोब असा: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. या हिशोबाने पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस सकाळी सहा-सातला पाणी दूर गेलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्यामुळे ओहोटीही मोठी, आणि चालायला मैदान मिळतं. सप्तमी ते दशमीला उलट: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरतीचंच पाणी. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं पाणी फार वर चढत नाही, पण घट्ट वाळू तेवढी झाकून टाकतं. ते तीन-चार दिवस पाखाडीचे. कालनिर्णय भिंतीवर असतंच. व्यायामाचे वार ठरवताना तिथीही बघा. बंदरानुसार वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, म्हणून आपल्या गावच्या कोळ्याला किंवा खारव्याला एकदा विचारून हिशोब जुळवून घ्या.

पुळणीवर अनवाणी चालायला छान वाटतं, पण पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवर जाऊ नका. बुटांची सवय असलेल्या पायाला एकदम मोकळं चालणं झेपत नाही. मधुमेह असेल आणि तळपायाला बधिरपणा असेल तर अनवाणी अजिबात नको. शिंपला किंवा काच लागलेली कळत नाही आणि जखम चिघळते. किनारा एका बाजूला उतरता असतो, त्यामुळे जाताना एका पायावर जास्त भार येतो. त्याच पट्ट्यातून परत आलं की तो दुसऱ्या पायावर जातो. खाडीच्या मुखाशी आणि शेवाळलेल्या खडपांवर मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात तर पाण्याच्या रेषेपासून लांबच राहायचं.

आपल्याकडचा घाम हा वेगळा विषय आहे. हवेत दमटपणा इतका, की घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. पुण्याला पस्तीस अंशांत चालणारा माणूस रत्नागिरीत बत्तीसला धापा टाकतो. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, आणि सैल सुती कपड्यांत चाला. परत आल्यावर पाणी, किंवा पाण्यात थोडं कोकमाचं आगळ आणि मीठ. बाटलीतलं तयार कोकम सरबत नको, त्यात साखरच जास्त. रक्तदाब असेल तर मिठाचा हातही आखडता ठेवा.

ताकद: पडवीतली पंधरा मिनिटं

चालणं बहुतेक जण कधी ना कधी सुरू करतात. ताकदीचा व्यायाम मात्र राहून जातो, आणि माझ्या मते चाळिशीच्या आसपासच्या आईबाबांना तोच जास्त हवा. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि ते वापरल्याशिवाय टिकत नाहीत. शिवाय आपलं रोजचं वजन उचलणं काही थोडंथोडकं नाही. दोन-तीन वर्षांचं मूल बारा किलोच्या आसपास असतं आणि ते दिवसातून वीस वेळा कडेवर येतं. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. कंबर धरते ती एखाद्या अवघड दिवशी नाही, अशाच एखाद्या साध्या दिवशी.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून, पुढच्या पाच गोष्टी करा.

पहिली, उठबस. पडवीतल्या बाकापुढे पाठमोरे उभे राहा, पाय खांद्याएवढे लांब. खुर्चीत बसतो तसं मागे जात बसायचं, बाकाला टेकलं न टेकलं की हात न लावता उठायचं. टाचा जमिनीवरून सुटता कामा नयेत आणि गुडघे आत वळता कामा नयेत. दहा वेळा. जड जात असेल तर बाकावर उशी ठेवून उंची वाढवा. अगदी सोपं झालं की मूल कडेवर घ्या.

दुसरी, ढकलणं. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून तळवे भिंतीवर टेका, कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि ढकलून मागे या. दहा वेळा. दोन-तीन आठवड्यांनी भिंतीऐवजी ओटीचा कट्टा, पुढे जमिनीवर गुडघे टेकून. अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ राहिलं पाहिजे. ढुंगण वर किंवा पोट खाली गेलं की थांबायचं.

तिसरी, ओढणं. हे आपल्या रोजच्या आयुष्यातून सगळ्यात जास्त गेलेलं आहे. एक हात बाकावर टेकून पुढे वाका, पाठ सपाट ठेवा, दुसऱ्या हातात पाण्याने अर्धी भरलेली छोटी बादली. कोपर मागे नेत बादली बरगडीपर्यंत ओढा, सावकाश खाली सोडा. प्रत्येक हाताने दहा वेळा. ज्यांच्या विहिरीवर अजून रहाट शाबूत आहे त्यांनी आठवड्यातून दोनदा पंप न लावता झाडांचं पाणी हाताने काढावं. याहून चांगला पाठीचा व्यायाम मला माहीत नाही.

चौथी, उचलणं. बादली दोन पायांच्या मध्ये. गुडघे थोडेच वाकवायचे, कुल्ले मागे ढकलायचे, पाठ फळीसारखी ताठ, आणि टाचांवर जोर देत उभं राहायचं. वजन अंगाजवळ. दहा वेळा. पाळण्यातून बाळ काढताना, आंब्याची पेटी उचलताना, सिलिंडर सरकवताना हीच पद्धत. कमरेतून वळून उचलणं टाळा. आधी पाय वळवा, मग उचला.

पाचवी, वजन घेऊन चालणं. दोन मजबूत पिशव्यांत सारखे नारळ भरा आणि खळ्यात फेऱ्या मारा, अर्धं मिनिट. खांदे मागे, नजर समोर. पुढे एकाच हातात पिशवी घेऊन, बाजू बदलत. एका बाजूला न झुकता चालायला पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंना जे काम पडतं ते जमिनीवर लोळून केलेल्या पोटाच्या व्यायामात पडत नाही.

या पाचांची एक फेरी सात-आठ मिनिटांची. पहिले दोन आठवडे एकच फेरी, मग दोन. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. अगदी सहज जमत असेल तर बादलीत पाणी वाढवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, त्या दुखण्याला घाबरू नका. सांध्यात कळ येत असेल, किंवा कमरेतून पायात झिणझिण्या उतरत असतील, तर मात्र थांबा आणि दाखवून घ्या.

नुकतंच बाळंतपण झालेल्यांसाठी हे लगेच नाही. सव्वा महिन्याच्या विश्रांतीत हळूहळू घरातल्या घरात चालणं चांगलं. लघवी रोखताना ज्या स्नायूंना आवळतो ते पाच सेकंद आवळून सोडायचे, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बाळाला पाजताना बसल्या बसल्या होतं. सिझेरियन झालं असेल तर टाके आणि पोट तपासून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच ताकदीचे व्यायाम. शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब जातात हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत, बाळंतपणानंतर असं होतंच म्हणून सोडून देतात. त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला न लाजता विचारा.

पोरांना बरोबर घेऊन

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. म्हणजे गरज त्यांचीही आहे, नुसती आपली नाही. पण "चल फिरायला" म्हटलं की मुलं तोंड वेंगाडतात. त्यांना खेळ लागतो. लंगडी घ्या. मोठ्या माणसाने दोन मिनिटं लंगडी घालून पोरांना पकडायचा प्रयत्न करून बघावा, मग पायातली ताकद आणि तोल यांचा हिशोब लागतो. लगोरी, डोंगर-पाणी, आबाधुबी, सगळं चालेल, फक्त आपण पंच व्हायचं नाही, खेळायचं. मूल सायकल शिकत असेल तर सीट धरून मागे धावणं हा फार मोठा व्यायाम आहे आणि तो नकळत होतो.

तान्ह्या बाळाला झोळीत किंवा कडेवर घेऊन खळ्यात फेऱ्या घाला. फक्त कडेची बाजू बदलत राहा. किशोरवयीन मुलांच्या मागे लागू नका. त्यांना पिशव्या किती जड उचलता येतात यावर पैज लावा.

वर्ष कसं लावायचं

बारा महिने एकसारखं वेळापत्रक इथे चालत नाही.

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा पाखाडी बंद. चालणं पडवीत, शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात, किंवा पाऊस उघडला की डांबरी रस्त्यावर. अंधारात बॅटरी हवीच, आणि पानांच्या ढिगात, दगडी गडग्याच्या फटीत हात-पाय घालायचे नाहीत. फुरसं हा साप लहान दिसतो, पण फार विषारी. लावणीच्या दिवसांत वेगळा व्यायाम नकोच. संध्याकाळी पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, मग पालथं पडून कोपरांवर छाती उचला, दिवसभर वाकलेल्या कमरेला उलटा ताण मिळतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उतरावंच लागलं तर ती झाकून, गमबूट घालून. आणि लावणीनंतर अंगदुखीसह ताप आला तर तो दमल्याचा ताप म्हणून अंगावर काढू नका. लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

गणपतीत वेळापत्रक मोडणारच. मखर, पाहुणे, मोदक, रात्रीची भजनं. पण फुगडी विसरू नका. दहा मिनिटं जोमाची फुगडी म्हणजे जोरदार दमाची दहा मिनिटं, आणि ती वर्षाला एकदाच घालावी असा काही नियम नाही. दिवाळी ते शिमगा हा आपला खरा मोसम, हवा कोरडी, सकाळी गारवा. नवी सुरुवात शक्यतो तेव्हा करा. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या मंडळींनी जानेवारीपासून पावसापर्यंत जंगलातल्या पायवाटा मात्र टाळाव्यात, कारण गोचिडीतून पसरणारा माकडताप त्याच दिवसांत असतो. एप्रिल-मेमध्ये आंबा, काजू आणि मुंबईची पाहुणेमंडळी. तेव्हा आठवड्याला दोन वेळा ताकद आणि जमेल तेवढं चालणं, एवढंच ठेवा.

ताटाबद्दल थोडंसं

खाण्यावर इथे फार लिहीत नाही, कारण आपलं मूळचं जेवण वाईट नाही. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, सारातले बांगडे, तारल्या, उकड्या तांदळाची पेज, पालेभाजी. अडचण आहे ती भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढपात आणि चहाबरोबरच्या खारी, बटर, फरसाणात. आयसीएमआरच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. मासे असले तर हे जमतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कुळीथ, मूग, चवळी, अंडी यांची आठवण ठेवा, नाहीतर दोन महिने नुसत्या भात-लोणच्यावर निघतात. मुलांच्या ताटातलं उरलेलं आईने संपवायचं, ही प्रथाही बंद करा.

झोपेचं गणित तान्ह्या बाळाच्या घरात जुळत नाही. रात्र जागून काढली असेल त्या सकाळी व्यायाम सोडा आणि झोपा. बाकीच्यांना सात तास हवेत, आणि ते बहुतेकदा मोबाइलमुळे जातात, मुलांमुळे नाही.

खंड पडला तर

पडणारच. मुलाला ताप येतो, घरात लग्न निघतं, परीक्षा येते. आठवडाभर खंड पडला तर जिथे सोडलं तिथूनच धरा. दोन-तीन आठवडे गेले तर निम्म्यावरून सुरू करा आणि दहा दिवसांत पूर्ववत या. स्वतःला ताप असताना व्यायाम करायचा नाही; ताप उतरल्यावर दोन दिवस नुसतं चाला. अगदीच अडकलेल्या दिवसासाठी एक किमान ठरवून ठेवा: दहा उठबशा आणि भिंतीवरचे दहा जोर. चहाचं आधण ठेवून ते उकळेपर्यंत होतात.

दुसऱ्या महिन्यापासून रोजचं चालणं तीस मिनिटांवर न्या, आठवड्यातून दोनदा पूर्ण पाखाडी चढा, आणि ताकदीच्या फेऱ्या तीन करा. रविवारी सगळ्यांनी मिळून एक लांबची चाल ठेवा. रत्नागिरीकरांना रत्नदुर्ग आहे, सावंतवाडीकरांना मोती तलावाच्या फेऱ्या, बाकीच्यांना आपापल्या गावचा सडा. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि मुलांसाठी एक जादा शर्ट बरोबर घ्या. महिना झाल्यावर टेप काढून पुन्हा घेर मोजा. तो हलला नसेल पण पाखाडीवर बोलणं पूर्वीपेक्षा वरच्या पायरीला तुटत असेल, तर व्यायाम लागू पडतोय. भाताचं एक वाढप कमी करा आणि पुढच्या महिन्यात परत मोजा.